दहा लुगड्यांचं छत

मी लिहायला बसलोय याची मलाच थोडी लाज वाटते. आमच्या घरात लिहिणं म्हणजे वाण्याची यादी आणि गावाकडच्या काकांना वर्षातून दोनदा जाणारं कार्ड. पुस्तक नावाची वस्तू घरात आली ती माझ्या शाळेच्या दप्तरातून, आणि कॉलेजपर्यंत पोचलेला आमच्या घराण्यातला पहिला माणूस मी. तेव्हा ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या लेखन-वाचन चालत आलं त्यांनी हे वाचताना माझं काही चुकलं तर सांभाळून घ्यावं. मोठं काही घडलेलं नाही. एका गणपतीच्या सुमारास हुबळीतल्या एका छोट्या मराठी शाळेत मी गणित शिकवायला लागलो, एवढीच गोष्ट आहे. पण ते दिवस आठवले की आजही माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत. म्हणून धीर करून लिहितो.

दाजीबानपेठेतून आत वळलेल्या बोळात आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत चूल आणि आम्ही. आई परकर शिवायची, पोरींचे झालरीचे फ्रॉक शिवायची. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानात मशीनचा आवाज शिरायचा, मग भाकरी थापल्याचा, मग अप्पांच्या खोकण्याचा. अप्पा पेठेतल्या एका कापड दुकानात कापड फाडायला होते. त्यांच्या हातात लोखंडी मीटर असा फिरायचा की बघणाऱ्याला मोजल्यासारखं वाटायचंच नाही. मग कात्रीची एक बारीक चीर, आणि दोन्ही हातांनी टर्रकन् सरळ रेषेत फाडलेलं कापड. तो आवाज मला फार आवडायचा. घरी येताना त्यांच्या अंगाला नव्या कोऱ्या कापडाच्या खळीचा वास असायचा. चुरमुऱ्यांच्या गिरमिटाचा पुडा आणला असेल त्या संध्याकाळी कांद्याचा आणि खळीचा वास एकत्र यायचा. अजूनही कुठं नवं मांजरपाट उलगडलं की मला भूक लागते.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेज सकाळचं, साडेदहाला सुटायचं. त्या वर्षी पेठेजवळच्या मराठी शाळेतल्या गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मराठीतून गणित शिकवणारं दुसरं कोणी मिळेना. शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या आईकडे ब्लाउज शिवायला टाकायच्या. त्यांनी विचारलं, "तुमचा मुलगा सातवीला सांभाळेल का?" आईने मशीन न थांबवता सांगून टाकलं, "सांभाळतोय की." मला कोणी विचारलं नाही.

अप्पांच्या दुकानाचे शेट दसऱ्याच्या आधी एक माणूस वाढवणार होते. दसरा-दिवाळीच्या गर्दीत हात कमी पडतात. अप्पांनी माझं नाव सांगून ठेवलं होतं. कॉलेज पुढं रेटणं आम्हाला जड जात होतंच. पण शाळेचं कळल्यावर अप्पा जेवताना म्हणाले, "गणपती हुईपर्यंत बघ. मोठ्या बाईंनी वर्षभर ठेवून घेतलं तर तुझं कॉलेज निघंल, पुढं मास्तर हुशील. नाही घेतलं तर गणपती उठल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्यासंगं दुकानात. कबूल?" मी कबूल म्हटलं. मोठ्या बाईंनीही स्पष्ट सांगितलं होतं, "गणपतीच्या तोंडावर वर्ग टिकवून दाखवा. त्या दिवसांत मुलं शाळेत बसत नाहीत, आणि इन्स्पेक्टर साहेब नेमके तेव्हाच हजेरी बघायला येतात." सातवीला तेव्हा सरकारी परीक्षा असायची, म्हणून सगळ्यांचा डोळा सातवीवर.

तर अशा त्या सातवीत मी उभा राहिलो. पोरं बत्तीस. आणि खिडकीच्या बरोबर बाहेर, शाळेच्या भिंतीला लागून, पेठेतल्या मंडळाचा पेंडॉल उभा राहत होता. मंडपाला आमच्याकडे पेंडॉलच म्हणतात. बांबू आदळायचे, सुतार ठोकायचा, मागच्या गल्लीत पोरं ताशावर हात बसवायची. मी फळ्यावर त्रैराशिक मांडलं की पाठीमागे बत्तीस माना खिडकीकडे. दत्तू नावाचा एक लुकडा मुलगा दर दहा मिनिटांनी पाणी प्यायला जायचा आणि गुडघ्याला भुसा लावून परत यायचा.

"दत्तू, पाणी प्यायला गेला होतास ना?"

"होय सर."

"मग केसांत खिळा कसा अडकला?"

वर्ग हसायचा. मीही आतून हसायचो, पण मास्तरने हसायचं नाही असं मला वाटायचं. मी खिडकी लावून घेतली. उकडलं. दत्तूला उभं केलं. उभा राहिल्यावर त्याला बाहेरचं जास्त चांगलं दिसू लागलं. पाढे पाठ केले तर गोष्ट सांगतो म्हणालो. मंजुळा नावाची मुलगी होती, वर्गात सगळ्यात हुशार आणि तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "सर, गोष्ट नको. तुम्ही सांगताना तुम्हालाच पुढचं आठवत नाही." तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर अकराच पोरं परत आली. मोठ्या बाई दारात येऊन रिकामी बाकं बघून गेल्या. मी घरी येऊन पालथा पडून राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी खिडकी उघडली. ठरवून नाही, हरल्यासारखी. पोरं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी विचारलं, "तो पेंडॉल केवढा असेल?"

"लई मोठा," दत्तू म्हणाला.

"लई म्हणजे किती?"

कोणी वीस मीटर म्हणालं, कोणी पन्नास. मंजुळा म्हणाली, "अंदाज कशाला? मोजूया की." मी पळत दुकानात गेलो, अप्पांच्या हातातला लोखंडी मीटर मागून आणला आणि बत्तीस पोरं घेऊन पेंडॉलमध्ये उतरलो. दोघं मीटर धरणार, एक खडूने खूण करणार, एक ओरडून आकडा सांगणार, बाकीचे वहीत उतरवणार. त्या तासाला घंटा झाली तरी कोणी हललं नाही. रुंदी आठ मीटर, लांबी दहा मीटर. क्षेत्रफळ हा शब्द मी फळ्यावर तीन दिवस लिहीत होतो. तो त्या दिवशी पोरांनी आपणहून मागून घेतला. पुढचे चार दिवस आम्ही खांबांची उंची त्यांच्या सावलीवरून काढली, मूर्तीच्या चौथऱ्याला किती फळ्या लागतील ते काढलं. जेवणाच्या सुट्टीनंतर पोरं घंटेच्या आधी येऊन बसायला लागली. मी रात्री अंथरुणात उद्याची गणितं जुळवायचो.

मंडळाचे पुढारी परशुअण्णा. त्यांचं अमरगोळच्या बाजारात मिरचीचं दुकान, त्यामुळे दिवसा ते तिकडे आणि संध्याकाळी इकडे, अंगावर मिरचीची धूळ घेऊन. ते आले की सगळा पेंडॉल शिंकायचा. एका संध्याकाळी त्यांनी आमच्या वह्या पाहिल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, तुमची पोरं तर इंजिनेर झाली की री! दरवर्षी छताचं कापड भाड्यानं आणतो, कंत्राटदार बांधून जातो. औंदा मंडळाचं स्वतःचं करायचं म्हणतोय. पिवळंधमक. किती लागंल काढून द्या."

सातवीच्या अंगात वीज संचारली. आठ गुणिले दहा, ऐंशी चौरस मीटर. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, एक मीटर. म्हणजे आठ मीटरच्या दहा पट्ट्या, ऐंशी मीटर कापड. मंजुळाने सुवाच्य अक्षरात कागद केला, खाली "इयत्ता सातवी" असं लिहून रेघ मारली. परशुअण्णांनी तो खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी अप्पांच्याच दुकानात जाऊन ऐंशी मीटर पिवळं कापड घेतलं. अप्पांनीच ते पट्ट्या पाडून फाडून दिलं. त्या रंगाचं ठाण तेवढंच होतं, संपलं.

त्या संध्याकाळी मी घरी हवेत तरंगत आलो. आई दिव्याखाली एका फ्रॉकला झालर लावत होती. अप्पा पाय धुऊन भाकरीची वाट बघत बसले होते. मी सगळं सांगितलं. पेंडॉल, क्षेत्रफळ, पन्हा, कागद. आईने दातांनी दोरा तोडला आणि खाली बघतच विचारलं, "आणि चुण्या?"

"कसल्या चुण्या?"

"छताला चुण्या घालत नाहीत व्हय? का वाळत घातलेल्या चादरीगत ताणून बांधणार? वीतभर झालरीला दोन वीत कापड जातंय बाबा."

दुप्पट. एकशेसाठ मीटर लागणार होतं आणि आम्ही ऐंशी काढलं होतं. दरवर्षी मी त्याच चुणीदार छताखाली उभा राहून आरती म्हटली होती, आणि एकदाही वर बघून विचार केला नव्हता. मी अप्पांकडे वळलो. जन्मभर कापड फाडणाऱ्या माणसाला हे कळलं नसेल?

अप्पांनी बोटांनी जमिनीवर एक वीत मोजली. मग म्हणाले, "एवढ्यात कसं भागतंय असं वाटलं व्हतं मला. परशुअण्णाला म्हणणारच व्हतो. पण कागद बघितला. म्हटलं, कॉलेजातलं गणित असंल. त्यात आपण काय बोलायचं."

आज माझे केस पिकले आहेत, आणि अजून हे वाक्य लिहिताना हात थांबतो. ते मला टोचून बोलले नव्हते. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. मी त्यांना एका शब्दाने विचारलं असतं, तर ते उभ्या उभ्या सांगू शकले असते. मी फक्त त्यांचा मीटर मागून नेला होता.

सकाळी वर्गात मी खरं सांगून टाकलं. माझं चुकलं, पोरांनो. गणित बरोबर होतं, प्रश्न अर्धा होता. दोन दिवसांवर चतुर्थी. मला वाटलं पोरं हिरमुसतील. पण बत्तीस तोंडं एकदम बोलायला लागली.

"सर, ताणूनच बांधू!"

"दिसंल की फाटक्या तंबूगत."

"अर्ध्यालाच छत करू."

"आणि अर्धा गणपती पावसात?"

"सर, वर पत्रा हाय, पावसात कसा भिजंल?" दत्तूने मध्येच शंका काढली.

मंजुळा वहीत काही तरी मांडत होती. मग ती उभी राहिली. "सर, नऊवारी लुगडं किती मीटरचं असतं?"

एक वार म्हणजे एक्क्याण्णव सेंटिमीटर. नऊ गुणिले एक्क्याण्णव. पोरांच्या पेन्सिली खरखरल्या. आठशे एकोणीस. आठ मीटर एकोणीस सेंटिमीटर! पेंडॉलची रुंदी आठ मीटर. वर्गात असा गलका झाला की शेजारच्या वर्गाच्या बाई धावत आल्या. दहा पिवळ्या पट्ट्या, मध्ये मध्ये दहा इरकल लुगडी. प्रत्येकीला दुप्पट चुण्या. छत पुरं.

लुगडी कोणाकडे होती? आयांकडे, आज्यांकडे, ट्रंकेत नीट घडी करून ठेवलेली. ती मागणं सोपं नव्हतं. दुसऱ्या दिवशी, हरतालिकेच्या सकाळी, पोरं काखेत गाठोडी मारून आली आणि प्रत्येक गाठोड्यासोबत एक अट आली. खिळा मारायचा नाही. टाचणी लावायची नाही. उदबत्तीपासून लांब. "सर, भोक पडलं तर आज्जी मला घरात घेणार नाही," मंजुळा म्हणाली. "आज्जीनं मोजून दिलंय काठाचा धागा न् धागा." हिरवी, मोरपंखी, जांभळी, लाल काठाची नऊ लुगडी जमली. दहावं नव्हतं. आणि खिळ्याशिवाय बांधायचं कसं हे मला येत नव्हतं.

मी पळत घरी गेलो. आईला हरतालिकेचा उपवास होता. तिने ट्रंकेतून आपलं जांभळं लुगडं काढलं, चिंध्यांच्या पिशवीतून नाड्यांचा गुंडा घेतला आणि चप्पल घालून माझ्याआधी बाहेर पडली. शाळेच्या फाटकाशी मात्र थांबली. "मी आत कशी येऊ? मी शाळेत कधी गेल्याली नाही."

"पेंडॉल बाहेर आहे, आई."

ती पेंडॉलमध्ये आली. पोरं भोवती बसली. तिने लुगड्याचं टोक हातात घेतलं, अंगठ्याने एक चुणी, तर्जनीने दाबून दुसरी, तिसरी, सगळ्या सारख्या, आणि नाड्याने असं बांधलं की ओढलं तरी सुटेना, सोडलं की सुरकुतीही राहीना. "मुठीत धरायचं न्हाई रं, बोटात धरायचं." बत्तीस पोरं श्वास रोखून तिच्या बोटांकडे बघत होती. मला इतक्या दिवसांत जी शांतता मिळाली नव्हती ती तिला दोन मिनिटांत मिळाली. मग पोरं विचारायला लागली, "बाई, हे असं?" "बाई, माझं बघा की." ती पहिल्यांदा मागे वळून बघायला लागली, कोण बाई आल्यात म्हणून. नंतर तिच्या लक्षात आलं.

मी शिडीवर होतो, तोंडात नाडा धरून, डोक्यावर अर्धं मोरपंखी लुगडं, तेव्हा फाटकातून मोठ्या बाई आल्या आणि त्यांच्यामागे इन्स्पेक्टर साहेब. सणाच्या आदल्या दिवशी, ठरल्यासारखे. ते आधी वर्गात जाऊन आले होते. वर्गात एक दप्तरसुद्धा नव्हतं. साहेब कानडी, पण त्यांना मराठी समजायचं. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. "वर्गशिक्षक कोण?"

दत्तूने आईकडे बोट दाखवलं, मग घाबरून माझ्याकडे.

मी शिडीवरून उतरलो. साहेबांनी पाठाचं टाचण मागितलं. माझ्याकडे टाचण नव्हतं. असतं हेच मला नीट माहीत नव्हतं. त्यांनी वहीत काही तरी लिहिलं. मग दत्तूलाच पुढं बोलावून कानडीत विचारलं, "एनो, ओंबत्तु वार अंदरे एष्टु मीटर?" नऊ वार म्हणजे किती मीटर.

"एंटु मीटर हत्तोंबत्तु सेंटिमीटर री," दत्तू एका दमात म्हणाला, आणि न विचारता पुढं मराठीत सुरू झाला. "आठ मीटर पेंडॉलला, एकोणीस उरलं, दोन्हीकडं साडेनऊ-साडेनऊ बांधायला. चुण्या घातल्या की एक मीटर पन्ह्याचा अर्धा हुतो, म्हणून वीस पट्ट्या. पहिल्यांदा सर चुकले री, मग सरांच्या आईंनी सांगितलं."

साहेबांनी हजेरीपट मागवला, पोरं मोजली. बत्तीसच्या बत्तीस. पुन्हा वहीत काही तरी लिहिलं, चष्मा काढून वर बघितलं आणि निघून गेले. मोठ्या बाई त्यांच्या मागे जाताना माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत.

चतुर्थीला गणपती बसला. पिवळ्या आणि इरकली चुण्या मध्यभागातून दोन्हीकडे वाहत गेल्या होत्या, आणि खालून लोक वर बघत आपापलं लुगडं शोधत होते. मंजुळाची आज्जी रोज आरतीला येऊन आधी छताला हात जोडायची, मग मूर्तीला. पार कोप्पीकर रोडवरून माणसं छत बघायला आली. परशुअण्णा प्रत्येकाला सांगायचे, "सातवीचं लेक्का हाय हे, सातवीचं!" हिशोब सातवीचा. अप्पा एकदा दुकान सुटल्यावर आले, मान वर करून पट्ट्या मोजल्या, एका चुणीला हात लावून बघितला. "बरं दिसतंय," म्हणाले. त्यांच्या तोंडचं तेवढंच मला अकरा दिवस पुरलं.

शाळा भरतच होती. पोरं येत होती. पण मोठ्या बाई काही बोलत नव्हत्या, आणि मला विचारायचा धीर होत नव्हता. पाचवा दिवस गेला, सातवा गेला. साहेबांच्या वहीतली ती दोन टिपणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. अनंतचतुर्दशीला गणपती गेला. लुगडी सोडून, घडी करून, भोक न पडता घरोघर परत गेली. बातमी आली नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी ठरल्याप्रमाणे अप्पांसोबत दुकानात गेलो. कबूल केलं होतं. शेटनी गादीवरून मान हलवली. अप्पांनी मला खालच्या फडताळातली ठाणं काढून नव्याने गुंडाळायला दिली. ते मला काही शिकवत नव्हते, आणि मी काही विचारत नव्हतो. दोघंही कापडाकडे बघत होतो. साडेदहाच्या सुमारास पायऱ्यांवर मोठ्या बाई दिसल्या. घामाघूम. त्यांनी दुकानभर नजर फिरवली आणि मला बघून आवाज चढवला.

"तुम्ही इथं काय करताय? अहो, इन्स्पेक्टर ऑफिसातून काल संध्याकाळी कागद आला. वर्षअखेरपर्यंत ह्याच शिक्षकाला ठेवावं असं लिहिलंय. आणि टाचण काढायला शिकवावं असंही लिहिलंय, खाली रेघ मारून. सकाळी तुमच्या घरी माणूस पाठवला होता, तो पत्ता चुकून भलत्याच बोळात बसलाय!"

माझ्या हातात ठाण होतं. ते उलगडत जमिनीवर गेलं. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी मोठ्या बाईंना खुर्ची पुसून दिली, शेटकडे वळून हात जोडले, आणि मग माझ्याकडे येऊन खाली पडलेलं कापड स्वतः गोळा करायला लागले.

"राहू दे ते," ते म्हणाले. "अकराला घंटा हाय तुझी."